बेंबीपातुर पाणी

आमच्या गावच्या नदीत माणसानं कुठवर जायचं, हे एका माणसाच्या बेंबीवर ठरायचं. हसू नका. मीही हसलो होतो, आणि ते मला महाग पडलं.

तांबडं फुटलं की तो नदीवर यायचा. खाकी शर्ट काढून घडी घालायचा, घडी वाळूवर, घडीवर पितळी शिट्टी. मग लाल फडकं बांधलेली वेळूची काठी घेऊन पाण्यात शिरायचा. एकेक पाऊल चाचपत, पाण्यात विंचू असल्यासारखा. पाणी बेंबीला लागलं की उभा राहायचा, मान खाली घालून खात्री करायचा आणि काठी रोवायचा. मग बाहेर येऊन वीस पावलं खालच्या अंगाला जायचं आणि परत तेच. अशा सात-आठ काठ्या. दोन्ही टोकांना काठावर एकेक पांढरं फडकं. पांढऱ्या दोन फडक्यांच्या मधे आणि लालच्या अलीकडं अंघोळ करायची. बाकीची नदी माशांची.

माणूस बुटका. त्यामुळं उंच माणसांचा जीव जळायचा. एकदा तालमीतला एक पैलवान आला, साडेसहा फुटाचा. तो म्हणाला, "हवालदार, तुमची बेंबी माझ्या मांडीला लागतीया. मी का म्हणून थांबू?"

"ही सरकारी बेंबी हाय," हा म्हणाला. "तुझी खाजगी."

पैलवान गप मांडीभर पाण्यात बसून अंघोळ करून गेला.

हवालदार म्हणायचे सगळे, पण तो हवालदार नव्हताच. पलटणीतनं नाईक म्हणून सुटला होता. गावानं बढती दिली आणि त्यानं ती घेतली. मूळचा कडेगावकडला. तिकडं तेव्हा आतासारखा ऊस नव्हता, कुसळं होती, आणि पाणी म्हणजे विहिरीच्या तळाला चकाकणारा रुपया. असला माणूस नदीवर कसा आला? तर आमच्या म्युनिसिपालटीनं नदीवर रखवालदार पाहिजे म्हणून दवंडी दिली, आणि अर्ज फक्त याचाच आला. गावातल्या पोहणाऱ्यांना ते काम कमीपणाचं वाटलं. नदीला कसली राखण? नदी काय पळून जातीय?

साताऱ्याकडनं येणारी कृष्णा सांगलीकडं जाताना आमच्या गावाशी कोपर मारून वळते. कोपराच्या आतल्या अंगाला पांढरी वाळू, दोन शेतं मावतील एवढी. उन्हाळ्यात पाणी असं निवळ की तळातला खडा मोजावा. साताऱ्याचे पेन्शनर लोक यायचे, सांगलीकडचे व्यापारी आणि जैन शेतकरी बायकापोरांसकट यायचे, रजेवर आलेले शिपाई यायचे. दुसरी लढाई चालू होती. रॉकेल मिळायचं नाही, साखर मिळायची नाही, पण नदीला रेशन कार्ड लागत नव्हतं. रविवारी वाळूवर जत्रा उसळायची. कलिंगडवाले, उसाच्या रसाचा लाकडी चरक, टांगेवाले, आणि मी. मी भडंग विकायचो. भडंग करायची आमची ही, विकायचो मी, बढाया दोघंही मारायचो.

आणि दर उन्हाळ्यात दोन-तीन माणसं बुडायची. नदी घेते, असं म्हणायची पद्धत होती. घेतलं की काठावर नारळ फोडायचा, चार दिवस जपून राहायचं, पाचव्या दिवशी परत धिंगाणा. हवालदार आला त्या पहिल्याच रविवारी वाळूवर उभा राहून त्यानं सांगितलं, "नदी काय घेत न्हाई. तुमी देताय."

तो पाच उन्हाळे होता. पाच उन्हाळ्यांत एकही माणूस मेलं नाही. याचं श्रेय गावानं देवीला दिलं.

त्याच्या डोक्यात हे कुठनं आलं, ते त्यानंच सांगितलेलं आहे, हजार वेळा. पहिल्या लढाईत तो खंदक खणणाऱ्या, पूल बांधणाऱ्या सफरमैना पलटणीत होता. फ्रान्समध्ये गोळा फुटून डावा कान गेला, म्हणजे पाळीसकट गेला. मग विलायतेत समुद्राकाठच्या इस्पितळात त्याला चार महिने ठेवलं. खिडकीतनं समुद्र दिसायचा आणि समुद्राकाठची माणसं दिसायची. त्याचं म्हणणं, तिकडची माणसं पाण्यात जात नाहीत, पाण्याकडं बघतात. खुर्च्या मांडून बघतात. थंडीनं काकडत बघतात. कचरा डब्यात टाकतात. पाण्यात कुठं जायचं, कुठं नाही, ते कुणी सांगायची गरज नाही, काठी बघतात आणि वळतात.

"आनि मग मज्जा कवा करत्यात?" असं आमच्या हिनं विचारलं होतं.

"ते मला दिसलं न्हाई," तो म्हणाला. "खिडकी ल्हान हुती."

त्यानं म्युनिसिपालटीकडनं भांडून चार बाकं आणली आणि पाण्याकडं तोंड करून वाळूत पुरली. विलायतेसारखं. माणसं त्या बाकांवर उलटी बसायची, पाण्याकडं पाठ आणि माझ्या टोपलीकडं तोंड. तो शिट्टी वाजवायचा. माणसं वळून बसायची. तो पुढं गेला की परत माझ्याकडं तोंड. पाच वर्षं हे चाललं, कुणीच हरलं नाही.

कचऱ्याचं त्याचं वेगळंच. कलिंगडाची साल वाळूत टाकलेली दिसली की तो ओरडायचा नाही. साल उचलायचा आणि त्या माणसाच्या मागनं चालायला लागायचा. त्या माणसानं मागं बघितलं की साल पुढं करायचा. एकदा एक वकीलसाहेब टांग्यात बसून निघून गेले. टांग्यामागं कोण पळणार? हवालदार पळाला नाही, चालला. चार मैल. वकिलांच्या घरी पाहुणे बसलेले, चहा चाललेला. यानं दारात जोडे काढले, आत जाऊन साल पाहुण्यांच्या मधे ठेवली आणि म्हणाला, "साहेब, तुमचं नदीवर इसरलं हुतं." आणि कडक सलाम ठोकून परत आला. त्यानंतर वकीलसाहेब कलिंगड घरीच खायला लागले.

तक्रार करायला आलेल्या माणसाकडं तो डावा कान करायचा. जो नव्हता तो.

वरच्या अंगाला प्यायचं पाणी, त्याच्या खाली बायका, मग पुरुष, मग धुणं, सगळ्यात खाली म्हशी. ही त्याची उतरण. म्हशी शिकल्या लवकर. माणसांना दोन वर्षं लागली. देवीची पालखी चैत्रात नदीला अंघोळीला यायची, तिला तर कुठलीच जागा लागू नव्हती. भटजी पालखी घेऊन सरळ लाल काठ्यांच्या पलीकडं निघाले, धारेत. हा आडवा उभा राहिला. भटजी म्हणाले, अरे, देवाला निशाण लागू होत नाही.

"मूर्ती पितळंची हाय, भटजी," हा म्हणाला. "पितळ बुडतंय."

गावात चार दिवस याला वाळीत टाकायची बोलणी झाली. देवीनं मात्र अलीकडंच अंघोळ केली. तिला काही वाटलेलं दिसलं नाही.

त्याच काळात आमच्या जिल्ह्यात भूमिगतांची धामधूम होती. कुठं काय फडकलं की फौजदार हजर. नदीवर ओळीनं लाल निशाणं लागलीत असं कुणीतरी कळवलं. फौजदार घोड्यावरनं आला, सोबत दोन शिपाई. विचारलं, ही कुठल्या पार्टीची निशाणं? हवालदार म्हणाला, पाण्याच्या. फौजदाराला वाटलं चेष्टा करतोय. काठी उपटायला तो बुटांसकट पाण्यात निघाला. यानं त्याच्या तोंडासमोर शिट्टी फुंकली आणि सांगितलं, साहेब, बूट काढून जायाचं. पाणी प्यायचं हाय लोकांनी. फौजदारानं बूट काढले. का काढले, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सगळं बघून झाल्यावर त्यानं माझ्याकडनं भडंग घेतलं आणि बाकावर बसून खाल्लं. पाण्याकडं तोंड करून. विलायतेसारखा बसलेला तेवढा एकच माणूस मी बघितला.

आता माणूस तऱ्हेवाईक होता, ते ठीक. पण त्याची एक खोड वाईट होती. तो कारण सांगायचा नाही. हुकूम सांगायचा, की झालं. त्याचं म्हणणं, कारण सांगितलं की माणूस कारणाशी भांडतो. पलटणीत हे चालत असेल. गावात हुकमाशीच भांडतात. मी तर पहिला. त्यानं आम्हां विकणाऱ्यांना वाळूवर जागा नेमून दिलेल्या, खुंट्या मारून. माझी खुंटी मधोमध होती, तेव्हा मी त्याच्या बाजूचा होतो. भांडण झालं ते ग्रहणाच्या दिवशी.

त्याच्या आधी दोन महिने काय चाललं होतं, ते सांगायला पाहिजे. म्युनिसिपालटीच्या अध्यक्षांचा मेव्हणा वाळूचा ठेकेदार होता. कुठंतरी मोठी इमारत उठत होती, तिला वाळू लागायची. कोरडी वाळू सोडून याचे बैलगाडीवाले काठाची ओली वाळू उपसायला लागले, का तर ती चांगली धुतलेली असते. हवालदार गाड्यांच्या आडवा वाळूत मांडी घालून बसायचा. गाडीवान त्याला वळसा घालून जायचे. अर्ज केले, अध्यक्षांनी वाचले नाहीत. हे सगळं आम्ही बघत होतो आणि आम्हाला त्यात करमणुकीपलीकडं काही दिसत नव्हतं. उपसलेल्या जागी पाणी आलं, वरनं सगळं सारखं दिसायला लागलं, आणि आम्ही विसरलो.

ग्रहण सूर्याचं होतं, सकाळचं. वेध लागल्यावर कुणी काही खात नाही. ग्रहण लागताना एक अंघोळ, सुटताना एक अंघोळ, मग खायचं. म्हणजे बघा, हजारभर माणूस पहाटेपासनं उपाशी, पाण्यातनं ओलं बाहेर येणार, आणि समोर भडंगाची टोपली. असा दिवस वर्षात येत नाही. ग्रहण बाधू नये म्हणून मी टोपल्यांत एवढी तुळस टाकली होती, की हिनं विचारलं, तुम्ही भडंग विकणार का पाला.

आणि सकाळी नदीवर जाऊन बघतो तर पांढरी फडकी जागेवर नाहीत. हवालदारानं अंघोळीची जागा साठ पावलं वर सरकवलेली, रसाच्या चरकासमोर. माझ्या समोर लाल काठ्या, त्याही काठाला चिकटून, घोटाभर पाण्यात.

मी विचारलं, "आवं हवालदार, हितं का बंद?"

"हुकूम हाय."

"कुणाचा?"

"माझा."

मी म्हटलं, मग माझी टोपली वर नेऊ द्या. तो म्हणाला, जागा लावून दिलेली हाय, एकानं हलवली की सगळे हलवतील. आणि डावा कान माझ्याकडं केला.

मला राग आला. चरकवाल्यानं त्याला रस पाजला असणार, असं मी मनात धरलं. पाच वर्षांत त्यानं माझ्याकडनं भडंगाचा दाणा फुकट घेतला नव्हता, हे मला माहीत होतं. तरी धरलं. राग असाच असतो, त्याला माहिती लागत नाही.

ग्रहण भरात आलं. ऊन पिवळं पडलं, कावळे गप झाले. 'दे दान, सुटे गिराण' म्हणत मागणारे फिरत होते. सगळं वाळवंट परातीतल्या पाण्यात सूर्य बघत वाकलेलं. हवालदार वरच्या गर्दीत होता. मी उठलो. माझ्यासमोरच्या चार काठ्या उपटल्या, गुडघाभर पाण्यात जाऊन रोवल्या. वरचं एक पांढरं फडकं आणून माझ्या खालच्या अंगाला लावलं. दोन काठ्यांच्या मधे काय आहे, ते बघायची मला गरज वाटली नाही. परत येऊन टोपलीमागं बसलो आणि मीही परातीत बघायला लागलो.

ग्रहण सुटलं. माणसं पाण्यात घुसली, निम्मी माझ्याकडं. बाहेर आलेली टोपलीभोवती गोळा झाली. ही म्हणाली, सुटल्याची अंघोळ झाल्याशिवाय मी खायच्याला हात लावणार नाही, तुम्ही जरा सांभाळा. ती काठ्या बघून गेली. हवालदाराची काठी ती कधी ओलांडायची नाही. बाकीचे बडबडायचे, ती ऐकायची. त्या दिवशीही ती दोन काठ्यांच्या बरोबर मधे, अलीकडं राहिली.

पाणी तिच्या गुडघ्याला होतं, एका पावलात कमरेला आलं. मग ती नव्हतीच.

मला पोहता येत होतं. लहानपणापासनं मी त्या नदीत पडून होतो. माझ्या हातात एक पुडा होता आणि समोर एका बाईचा हात होता. मी आधी तो पुडा त्या बाईला दिला. का, ते मला अजून कळलेलं नाही.

शिट्टी वाजली. हवालदाराची शिट्टी दिवसाला शंभर वेळा वाजायची, कुणी बघितलं नाही. तो साठ पावलं वरनं धावत आला. पळता पळता गळ्यात भोपळे अडकवत होता. वाळवलेल्या दुधी भोपळ्यांच्या माळा तो काठावरच्या आपल्या झोपडीला टांगून ठेवायचा, पोरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसले. भोपळ्यांचा बाजार म्हणून आम्ही हसायचो. त्यानं कमरेला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक माझ्या अंगावर फेकलं.

"धर," म्हणाला. "सोडलास तर बघ."

आणि तो बेंबीच्या पुढं गेला. पाच वर्षांत पहिल्यांदा. दोन पावलं गेला आणि तोही खाली गेला, मग भोपळ्यांनी त्याला वर आणला. तेव्हा सगळ्या वाळवंटानं बघितलं. हात कसे मारायचे, ते त्याला ठाऊक नव्हतं. कुत्र्यालाही येतं तेवढंसुद्धा नाही. तोंड उघडं, डोळे पांढरे. पण हिचं लुगडं त्याच्या पायाला लागलं असावं, कारण त्यानं खाली वाकून, भोपळ्यांशी मारामारी करत, तिचा अंबाडा धरला. आम्ही ओढलं. दोघं वाळूत येऊन पडली.

ती पाणी ओकली. श्वास आल्यावर पहिलं काय म्हणाली, तर "टोपलीपाशी कोन हाय?"

हवालदार उताणा पडला होता. थरथरत होता. उन्हाळ्याच्या दिवसांत. मी त्याच्या जवळ गेलो. तो काठ्यांकडं बघत होता. बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. उठून चारी काठ्या उपटल्या आणि काठाला आणून रोवल्या, सकाळी होत्या तिथं.

त्या रात्री जेवताना ही म्हणाली, काठ्या सकाळी घोटाभर पाण्यात होत्या. मी भाकरी मोडत राहिलो. ती म्हणाली, मी बघितल्या होत्या. मग मी सांगितलं. तिनं माझं ताट उचलून आत नेलं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लय चांगल्या द्यायची.

चौथ्या दिवशी म्युनिसिपालटीत हवालदाराला बोलावलं. अध्यक्षांना निमित्त पाहिजेच होतं, गाड्यांच्या आडवा बसणारा माणूस त्यांना नकोच होता. मी हिला म्हटलं, जाऊन काय फायदा? ती म्हणाली, "तुमी जाऊन सांगायचं. न्हाईतर मी जाऊन सांगती, आनि तुमी बांगड्या भरून टोपलीमागं बसा." मी गेलो.

दोन आरोप होते. एक, निशाण चुकीच्या जागी लावून एका बाईचा जीव धोक्यात घातला. दोन, नदीवर रखवालदार असून त्याला पोहता येत नाही, आणि हे त्यानं म्युनिसिपालटीपासून लपवलं. दुसऱ्या आरोपावर सगळे पोट धरून हसले. अध्यक्षांनी विचारलं, काय हो, पोहता येत नाही तर पाण्यात कशाला उतरता रोज?

तो सरळ उभा होता. म्हणाला, "साहेब, पवणारा मानूस निशाण लांब लावतोय. त्याला वाटतंय, जातंय की तितवर. मला बुडायचं भ्या हाय. म्हणून माझं निशाण बरूबर असतंय."

मला विचाराल, तर त्या हॉलात त्या दिवशी तेवढंच शहाणं बोलणं झालं. कुणी ऐकलं नाही.

मग मी पुढं झालो. म्हटलं, साहेब, निशाणं मी हलवली. यांनी बरोबर लावली होती. त्या जागी वाळू उपसून खड्डा पडलाय, म्हणून यांनी ती जागा बंद केली होती.

खड्डा म्हटल्यावर अध्यक्षांच्या तोंडावरचं हसू गेलं. मग परत आलं, जास्त मोठं. म्हणाले, म्हणजे स्वतःच्या बायकोला बुडवायला निशाण हलवलंस होय रे? सगळे हसले. मी म्हटलं, गिऱ्हाईक माझ्याकडं यावं म्हणून हलवलं. ते अजून हसले. एक जण म्हणाला, हवालदारानं शिकवून आणलाय. अध्यक्ष हवालदाराकडं वळले. विचारलं, हा म्हणतोय ते खरं काय?

तो म्हणाला, "न्हाई. माझ्या निशाणाला कुनी हात लावल्याला न्हाई. चूक झाली ती माझी."

अर्ध्या तासात त्याला काढलं. शिट्टी सरकारी म्हणून ठेवून घेतली. ती त्याची स्वतःची होती, फ्रान्समधली.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. मला रडू येत होतं आणि रागही. म्हटलं, मी खरं सांगितलं, तुम्ही मला खोटं का पाडलं?

त्यानं पहिल्यांदा मला कारण सांगितलं. पाच वर्षांत एकदा.

"मानूस चुकला म्हटलं की दुसरा मानूस ठेवतील," तो म्हणाला. "पर निशाण कुनीबी उपटून कुठंबी लावतंय, हे गावाला कळलं, तर उद्यापास्नं निशाणाकडं बघून कोन थांबंल? मी गेलो तर चालतंय, गड्या. निशाण ऱ्हायला पायजे. तू बी सांगू नगंस कुनाला."

मग म्हणाला, "आनि तू उपटताना मला दिसलं न्हाई, ती चूक हायच की माझी. मी बी परातीतच बघत हुतो."

दुसऱ्या दिवशी तो कडेगावकडं गेला. टांग्यानं नाही, चालत. परत नदीवर आला नाही. म्युनिसिपालटीनं एक चांगला पोहणारा गडी ठेवला. तो काठ्या छातीभर पाण्यात लावायचा, आठवड्यातनं एकदा. पुढच्या उन्हाळ्यात नदीनं दोघं घेतले. नारळ फुटले.

हवालदारानं सांगू नको म्हटलेलं मी घरी येऊन हिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "निशाणाची अब्रू ऱ्हायली आनि मानसाची गेली. ह्ये कसलं शानपन? मी सांगनार."

आणि तिनं सांगितलं. नदीवर येणाऱ्या प्रत्येक बाईला हात धरून सांगितलं, तिकडं जाऊ नकोस, तिकडं मी बुडाले होते. निशाण बरोबर होतं, आमच्या ह्यांनी हलवलं. लग्नात सांगितलं, बारशाला सांगितलं, हळदीकुंकवाला सांगितलं. सुना आल्यावर पहिल्या दिवशी सुनांना सांगितलं. नातवांना घास भरवताना सांगितलं. पाहुणा चहा पीत असला आणि मी बाजूला बसलेलो असलो की हमखास. मी चिडायचो. म्हणायचो, अगं, पुरे, पन्नास वर्षं झाली. ती म्हणायची, मग काय, आता खोटं झालं?

गेल्या मार्गशीर्षात ती गेली. तिचे दिवस झाले, पाहुणे येतात, चहा पितात, हवापाण्याचं बोलतात आणि जातात. परवा एक लांबचा पाहुणा बसला होता. जुन्या नदीचा विषय निघाला. तो म्हणाला, तुमच्याकडं पूर्वी एक हवालदार होता म्हणे, त्यानं चुकीचं निशाण लावून एका बाईला बुडवली होती.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. आतनं कुणी बोललं नाही.

मला चौथीपर्यंतचं लिहिता येतं. तिला तेवढंही येत नव्हतं, नाहीतर हे तिनंच लिहिलं असतं, आणि मला ह्याच्यापेक्षा वाईट दाखवलं असतं. त्या पाहुण्याला जे सांगितलं, ते इथंही लिहितो.

निशाण बरोबर होतं. मी हलवलं.